कोपनहेगनची सनद, हुगळीचा काठ: सेरामपूरच्या छोट्या विद्यापीठाची गोष्ट

प्रवेशाचा हंगाम आला की विद्यापीठ अनुदान आयोगाची बोगस विद्यापीठांची यादी पेपरांतून झळकते. आईवडील ती वाचतात, मुलाच्या कॉलेजचं नाव त्यात नाही ना याची खात्री करतात आणि पान उलटतात. यादीमागचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. पदवी देण्याचा अधिकार म्हणजे नेमकं काय, आणि तो कुणाला कोण देतं? इमारत आहे, शिक्षक आहेत, परीक्षाही होतात. तरी एका संस्थेनं दिलेला कागद पदवी ठरतो आणि दुसरीनं दिलेला ठरत नाही, असं का?

हे समजून घ्यायला कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर असलेल्या सेरामपूर कॉलेजाइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्याकडच्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही.) तीन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलेलं हे कॉलेज. त्याला विद्यापीठाचे अधिकार मिळाले १८२७ साली, म्हणजे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांच्या ३० वर्षं आधी. ते ना कंपनी सरकारनं दिले, ना इंग्लंडच्या राजानं. ते दिले डेन्मार्कच्या राजानं.

पदवीचा अधिकार येतो कुठून?

शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या ओसरीवर बसून कुणीही चार मुलांना गणित शिकवू शकतो, परीक्षा घेऊ शकतो, सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्रकही देऊ शकतो. पण त्या कागदाला दुसऱ्या गावात, दुसऱ्या संस्थेत, सरकारदरबारी मान मिळायचा असेल तर त्यामागे राज्यसत्ता उभी असावी लागते. युरोपात जुन्या काळी हे काम पोप किंवा राजा करत असे. त्यासाठी राजा जे अधिकारपत्र देई, ती सनद. आपल्याकडे वतनाच्या आणि इनामाच्या सनदा असत, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच की तिथे जमिनीचा हक्क मिळे आणि इथे विद्येवर शिक्कामोर्तब करण्याचा.

आज राजाची जागा कायदेमंडळानं घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं २२ वं कलम सांगतं, की केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनीच पदवी द्यावी. बोगस ठरणाऱ्या संस्थांकडे नेमका हाच धागा नसतो. बाकी सगळं असलं तरी हा नसतो.

सेरामपूरची गोष्ट म्हणजे हा एक धागा २०० वर्षं कसा टिकला याची गोष्ट आहे. त्याला जोडून आणखी काय काय टिकलं, आणि काय टिकलं नाही, तेही पाहू.

बंगालमध्ये डॅनिश राजा कुठून आला?

इंग्रज, फ्रेंच, डच यांच्यासारखीच डेन्मार्कचीही व्यापारी ठाणी हिंदुस्थानात होती. दक्षिणेत तमिळ किनाऱ्यावर ट्रांकेबार, म्हणजे आजचं तरंगमबाडी, आणि बंगालमध्ये १७५५ पासून सेरामपूर. डॅनिश लोक राजाच्या नावावरून त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. ठाणं लहानसं. समोरच्या काठावर बराकपूरला इंग्रज गव्हर्नर जनरलचा बंगला, आणि नदीच्या अलीकडे दुसऱ्याच राजाचा झेंडा.

हा झेंडा मिशनऱ्यांच्या कामी आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. धर्माच्या कारणानं लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही धास्ती. १८१३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीची मुदत वाढवताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. तोवर त्यांना कंपनीच्या हद्दीत रीतसर थाराच नव्हता. विल्यम कॅरी १७९३ साली परवान्याशिवाय एका डॅनिश जहाजातून आला आणि काही वर्षं नीळ कारखान्यात नोकरी करत राहिला. १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड एका अमेरिकन जहाजातून आले आणि थेट सेरामपूरला उतरले. तिथला डॅनिश गव्हर्नर ओल बी यानं त्यांना आसरा दिला, कंपनीनं डोळे वटारले तरी दिला. जानेवारी १८०० मध्ये कॅरीही तिथे राहायला आला.

तिघे जण आणि त्यांना न मिळालेली पदवी

कॅरी मूळचा चांभारकाम करणारा. मार्शमन विणकराचा मुलगा, पुढे शाळामास्तर झालेला. वॉर्ड छापखान्यातला माणूस. तिघांपैकी कुणीही विद्यापीठात शिकलेला नव्हता, आणि हे गरिबीमुळेच होतं असं नाही. त्या काळी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मतत्त्वांना मान्यता दिल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये प्रवेशच मिळत नसे आणि केंब्रिजमध्ये पदवी मिळत नसे. बाप्टिस्ट हा त्या चर्चबाहेरचा पंथ. त्यांच्या मते बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नव्हे, समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला द्यायचा असतो. म्हणजे आपल्याच देशात या तिघांना विद्यापीठाचं दार बंद होतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या या अटी जवळपास पूर्णपणे गेल्या त्या १८७१ साली. कॅरीला डॉक्टरेटचा मान मिळाला तो अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाकडून, १८०७ मध्ये. तेही बाप्टिस्टांनीच पुढाकार घेऊन काढलेलं.

ही गोष्ट लक्षात ठेवली तर सेरामपूरचे पुढचे बरेच नियम आपोआप उलगडतात. दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसांनी बांधलेलं हे दार आहे.

तिघांनी आपापली कमाई एकत्र केली. १८०१ पासून कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या संस्थेत, आधी बंगाली आणि पुढे संस्कृत व मराठी शिकवू लागला. सुरुवातीचा पगार महिना ५०० रुपये. त्यातला बहुतेक भाग मिशनच्या सामायिक खजिन्यात जाई. मार्शमन पती-पत्नीच्या शाळांची फी आणि वॉर्डच्या छापखान्याचं उत्पन्नही तिथेच जमा होई. यात हॅना मार्शमनचं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं. तिघांच्या नावानं ओळखला जाणारा हा संसार तिच्या शाळेच्या मिळकतीवर मोठ्या प्रमाणात चालत होता, आणि मुलींच्या शाळांचं कामही तिनंच उभं केलं.

मराठी वाचकाला हे का माहीत असावं?

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भाषेचा एक तुकडा या छापखान्यात घडला आहे.

फोर्ट विल्यममध्ये मराठी शिकवायची तर पुस्तक हवं, आणि तसं हाताशी नव्हतं. कॅरीनं १८०५ मध्ये इंग्रजीतून मराठीचं व्याकरण लिहिलं आणि ते सेरामपूरला छापलं. मदतीला होते कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ. पोर्तुगीज भाषेतून लिहिलेलं मराठीचं व्याकरण याआधी छापलं गेलं होतं, त्यामुळे कॅरीचं पहिलं म्हणता येणार नाही. पण १८१० मध्ये त्यानं केलेला मराठी-इंग्रजी कोश पाहिला की माणूस थबकतो. त्यातले मराठी शब्द मोडीत छापले आहेत. मोडी ही हातानं, लेखणी न उचलता लिहायची लिपी. तिचा सगळा जीव वळणात आणि जोडात. छापखान्यात मात्र प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा ओतावा लागतो, आणि ते खिळे शेजारी शेजारी बसवून ओळ जुळवावी लागते. दफ्तरात धावणारी लिपी त्यांनी अशी सुटी सुटी करून शिशात बसवली. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश यायला अजून २१ वर्षं होती.

हे खिळे पाडण्याची विद्या सेरामपूरला आली ती पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराकडून, आणि पुढे त्याचा जावई मनोहर यानं ती चालवली. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं जळाली, खिळे वितळले. ज्या ठशांवरून खिळे ओतत ते मात्र वाचले, म्हणून काही महिन्यांत काम पुन्हा उभं राहिलं. मला विचाराल तर सेरामपूरच्या वारशात कॅरीइतकाच वाटा या लोहारघराण्याचा आहे, आणि त्यांचं नाव तितक्या वेळा घेतलं जात नाही.

१८१८: कॉलेज काढताना काय ठरलं?

१५ जुलै १८१८ ला तिघांनी कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. आशियातल्या ख्रिस्ती आणि इतरही तरुणांना पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान शिकवणारं कॉलेज, असं त्याचं वर्णन होतं. त्यातला ‘इतरही’ महत्त्वाचा. पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले तेव्हा ३७ विद्यार्थी होते आणि त्यातले सगळे ख्रिस्ती नव्हते.

शिकवण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी विद्यार्थ्याची स्वतःची भाषा, मग संस्कृत, आणि ज्याला झेपेल त्याला इंग्रजी. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारी मेकॉलेची टिपणी यायला अजून १७ वर्षं होती. हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतूनच व्हायला हवं, हे तेव्हा कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. जॉन मॅक या अध्यापकानं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक बंगालीतून केलं, ते १८३४ मध्ये छापलं गेलं. मातृभाषेतून विज्ञान या विषयावर आजही आपण समित्या नेमतो. हुगळीच्या काठी ते काम तेव्हा हातानं चाललं होतं.

विज्ञान शिकवण्यावरून आप्तांशीच भांडण झालं. वॉर्ड कॉलेजसाठी पैसा गोळा करायला युरोप-अमेरिकेत फिरला. अमेरिकेतल्या काही देणगीदारांनी अट घातली, की आमचा पैसा विज्ञान शिकवण्यावर खर्च व्हायला नको. ही अट तिघांना अजिबात रुचली नाही. जो माणूस पुढे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होणार, त्याला विज्ञानाशिवाय शिकलेला कसं म्हणायचं, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. छोट्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांमध्ये हा वाद आजही जगभर उकरून निघतो. सेरामपूरनं आपली बाजू तेव्हाच निवडली होती.

कॅरीला झाडांचं वेड. मिशनच्या आवारात त्याची वनस्पतींची बाग होती. १८२० मध्ये त्यानं शेती आणि बागायतीसाठी एक सोसायटी काढली, ती पुढे अखिल भारतीय झाली. कॉलेजची मुख्य इमारतही याच सुमारास उभी राहिली: नदीकडे तोंड, उंच ग्रीक घाटाचे खांब, आत दुहेरी लोखंडी जिना. जिना आणि फाटक डेन्मार्कच्या राजाची भेट.

१८२७: सनदेत होतं तरी काय?

कॉलेज चाललं, पण पदवीचा हक्क नव्हता. मार्शमन कोपनहेगनला गेला आणि राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडे अर्ज केला. २३ फेब्रुवारी १८२७ ला सनद मिळाली. तिचा मथितार्थ असा, की या कॉलेजला कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांसारख्या पदव्या देण्याचा अधिकार राहील. कील तेव्हा डॅनिश राजाच्याच अमलाखाली होतं. म्हणजे बंगालमधलं हे छोटं कॉलेज डेन्मार्कच्या दोन विद्यापीठांच्या पंगतीला जाऊन बसलं.

सनदेनं कारभार एका ‘मास्टर’ आणि त्याच्या कौन्सिलकडे सोपवला. मास्टर हे पद आजही आहे.

१८३३ मध्ये कॉलेजचे नियम लेखी झाले. त्यातले तीन मला फार मोलाचे वाटतात. एक, कॉलेजात कुणालाही शपथ घ्यावी लागणार नाही, ना कौन्सिलच्या सभासदाला, ना प्राध्यापकाला, ना विद्यार्थ्याला. दोन, प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन, कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा विद्यार्थी चालेल, आणि शिकण्यासाठी हिंदू-मुसलमान तरुणांनाही दार उघडं असेल. तीन, जात, रंग किंवा देश यावरून कुणाचाही प्रवेश नाकारला जाणार नाही.

हे १८३३ साल आहे. ऑक्सफर्डमध्ये तेव्हाही धर्मतत्त्वांवर सही करावी लागत होती.

‘राजानं दिलेला अधिकार राज्य गेल्यावर उरतो का?’

शंका अगदी रास्त आहे. १८४५ मध्ये डेन्मार्कनं आपली इथली ठाणी कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकली आणि सेरामपूर ब्रिटिश झालं. मग डॅनिश सनदेचं काय?

विक्रीच्या करारातच त्याची सोय केली होती. एका कलमात स्पष्ट लिहिलं, की सेरामपूर कॉलेजला १८२७ च्या सनदेनं मिळालेले हक्क अबाधित राहतील, जणू ते ब्रिटिश सरकारच्या सनदेनंच मिळाले आहेत. फक्त ब्रिटिश हिंदुस्थानचा सर्वसाधारण कायदा त्यांना लागू राहील. झेंडा बदलला तरी अधिकाराची साखळी तुटली नाही, ती या कलमामुळे.

‘अधिकार होता, मग पदव्या का दिल्या नाहीत?’

सनद १८२७ ची आणि तिच्याखाली पहिली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची) पदवी दिली गेली ४ डिसेंबर १९१५ ला. मधली ८८ वर्षं हा अधिकार कागदावर राहिला. संस्थेच्या गौरवगाथांमध्ये ही वर्षं पटकन ओलांडली जातात, पण ती समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण पैसा. १८३० पासून कलकत्त्यातल्या मोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि मिशनची ठेव त्यांच्याबरोबर गेली. दुसरं, माणसं. वॉर्ड १८२३ मध्ये गेला, कॅरी १८३४ मध्ये, मार्शमन १८३७ मध्ये. तिसरं, घरचं भांडण. इंग्लंडमधल्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी या तिघांचं मालमत्तेच्या हक्कावरून आणि कारभारावरून बिनसलं होतं, ते दशकभर वेगळेच राहिले. १८५५ च्या सुमारास कॉलेज सोसायटीकडे गेलं. आणि १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ निघालं. शेजारी सरकारी विद्यापीठ, त्याच्या पदवीवर नोकरी मिळते. मग सेरामपूरची स्वतःची पदवी मागणार कोण? कॉलेज कलकत्त्याशी जोडलं गेलं. १८८३ मध्ये वरचे वर्गही बंद झाले आणि उरली ती बंगाली ख्रिस्ती कार्यकर्त्यांना तयार करणारी संस्था.

तिला पुन्हा उभं केलं प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्यांनी ओळखलं की कला-विज्ञानाच्या पदव्यांत सरकारी विद्यापीठांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण एक विषय असा होता जो सरकारी विद्यापीठं पदवीसाठी शिकवत नव्हती, तो म्हणजे थिऑलॉजी. बायबल, चर्चचा इतिहास, ईश्वराविषयीचा विचार आणि पाळकाचं काम या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे थिऑलॉजी. तिची पदवी मिळवायला हिंदुस्थानी माणसाला परदेशी जावं लागे. जुनी सनद नेमकी इथे उपयोगी पडली.

कॉलेज की विद्यापीठ?

गोंधळ होतो तो इथे. त्यासाठी एक जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. मालक एक, बिऱ्हाडं दोन, जिना सामायिक. पुढच्या बिऱ्हाडात कला, विज्ञान, वाणिज्य शाखांचं सेरामपूर कॉलेज राहतं. ते कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणून तिथल्या बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या पदवीवर कलकत्ता विद्यापीठाचं नाव असतं. दुसऱ्या बिऱ्हाडात राहते सिनेट, म्हणजे थिऑलॉजीचे अभ्यासक्रम ठरवणारी, परीक्षा घेणारी आणि पदव्यांसाठी विद्यार्थी पात्र ठरवणारी सभा. मालक आहे सनदेतलं कौन्सिल.

ही वाटणी केली बंगालच्या प्रांतिक कायदेमंडळानं १९१८ मध्ये केलेल्या सेरामपूर कॉलेज कायद्यानं. राजाच्या सनदेला इथे कायद्याची जोड मिळाली. त्याच कायद्यानं बाप्टिस्टांची मक्तेदारीही संपवली. कौन्सिल आणि सिनेट दोन्हींत वेगवेगळ्या पंथांचे लोक आले. बाप्टिस्टांनी स्वतःचा हक्क सोडून इतरांना घरात घेतलं, म्हणून हे विद्यापीठ वाढलं. नाहीतर एका पंथाची परीक्षा दुसऱ्या पंथानं कशाला मानली असती?

आज सिनेटशी देशभरातली थिऑलॉजिकल कॉलेजं संलग्न आहेत, आणि शेजारच्या श्रीलंकेतलीही. १८२० मध्ये निघालेलं कोलकात्याचं बिशप्स कॉलेज, १९१० चं बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, चेन्नईचं गुरुकुल ही त्यातली जुनीजाणती नावं. आपल्याकडे पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ मध्ये यवतमाळला निघाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. तिथे शिकलेला मुलगा बी.डी. झाला की त्याची पदवी सेरामपूरची असते, मग त्यानं हुगळी आयुष्यात पाहिलेली असो वा नसो. पदवीदान समारंभही सेरामपूरलाच होतो असं नाही. कधी या संलग्न कॉलेजात, कधी त्या, असा तो फिरता असतो.

तेव्हा ‘सेरामपूरची पदवी’ असं कुणी म्हटलं तर आधी विचारावं, कोणत्या विषयाची? दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांच्यामागचा अधिकार वेगवेगळा आहे. थिऑलॉजीच्या पदवीवर पुढे कुठे प्रवेश घ्यायचा असेल किंवा नोकरी हवी असेल, तर त्या त्या संस्थेचा पात्रतेचा नियम आधीच वाचून घेतलेला बरा.

‘मग भारतातलं पहिलं विद्यापीठ हेच का?’

‘पहिलं’ कशाला म्हणता त्यावर उत्तर ठरतं. नालंदा, विक्रमशिला ही ज्ञानाची केंद्रं हजार वर्षांहून जुनी; तिथे राजसनदेनं पदवी देण्याची युरोपीय पद्धत नव्हती. पदवीचा हक्क आधी कुणाला मिळाला असं विचारलं, तर हिंदुस्थानात आधुनिक काळात सेरामपूरचं नाव पहिलं घेतलं जातं. पदव्या प्रत्यक्ष वाटून पिढ्याच्या पिढ्या कुणी घडवल्या असं विचारलं, तर १८५७ ची तीन विद्यापीठं पुढे आहेत, आणि त्याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. क्रमांकाच्या हट्टापायी सेरामपूरची खरी कमाई मात्र झाकोळते. ती भाषांमध्ये आहे आणि त्या १८३३ च्या नियमांत आहे.

‘पण हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना?’

हेतू लपवलेला नव्हता. हिंदुस्थानी माणसानंच हिंदुस्थानी माणसाला शुभवर्तमान सांगावं, आणि त्यासाठी तो उत्तम शिकलेला असावा, या विचारातूनच कॉलेज निघालं. व्याकरणं आणि कोशही बायबलच्या भाषांतराच्या वाटेवर तयार झाले. वॉर्डनं हिंदूंच्या धर्माचारांवर जे लिहिलं त्यातलं बरंच आज वाचताना बोचतं, आणि बोचायलाच हवं. त्यात अनादर आहे.

तरीही हेतू आणि परिणाम एकच मानून चालत नाही. १८१८ मध्ये याच छापखान्यातून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वर्तमानपत्र निघालं. बंगाली गद्याच्या घडणीत त्याचा वाटा कुणी नाकारत नाही. मराठी कोश वापरायला बाप्तिस्मा घ्यावा लागत नव्हता. हिंदू विद्यार्थी कॉलेजात शिकले आणि हिंदूच राहिले. आजही पुढच्या बिऱ्हाडात भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना आधी धर्म विचारला जात नाही. ज्यांना हा वारसा नाकारायचा आहे त्यांनी तो पूर्ण पाहून नाकारावा, आणि ज्यांना मिरवायचा आहे त्यांनीही पूर्ण पाहूनच मिरवावा.

‘जात नाही’ हा नियम पाळला गेला का?

माझ्या मते सेरामपूरला विचारावा असा सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे, आणि तो बाहेरच्यांनी नव्हे, घरच्यांनीच विचारला.

प्रवेशाच्या दारावर जात अडवली नाही, पण भारतातल्या चर्चमध्ये ती शिरली आणि राहिली. कुठे बसण्याच्या जागा वेगळ्या, कुठे दफनभूमी वेगळी, लग्नसंबंध तर वेगळेच. थिऑलॉजीच्या वर्गांतही एक वेगळा प्रकार झाला. ख्रिस्ती विचार भारतीय करायचा म्हणजे तो वेदान्ताच्या भाषेत मांडायचा, असं कित्येक दशकं मानलं गेलं. ब्राह्मण घराण्यातून आलेल्या विचारवंतांचा तिथे वरचष्मा होता. पण चर्चमध्ये बसलेल्या माणसांतले बहुसंख्य तर दलित. त्यांच्या जगण्याचा, त्यांनी सोसलेल्या अपमानाचा त्या थिऑलॉजीत मागमूस नव्हता.

१९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, म्हणजे सेरामपूरच्याच छत्राखालच्या एका संस्थेत, महाराष्ट्रातले अरविंद निर्मळ बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ही गोष्ट उघड मांडली. आम्ही ज्या अनुभवातून आलो त्यातूनच ईश्वराचा विचार व्हायला हवा, उसना नको, हा त्यांचा आग्रह होता. तिथून दलित थिऑलॉजी ही विचारधारा आकाराला आली. पुढे चेन्नईच्या गुरुकुलमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याची धुरा निर्मळ यांच्याकडेच आली. ज्या संस्थेच्या नियमांत १८३३ मध्ये जातीला मज्जाव लिहिला गेला, तिच्या अभ्यासक्रमात जातीवर बोलायला जवळपास दीडशे वर्षं जावी लागली. आता मात्र हा विषय तिच्या पदव्यांसाठी शिकवला जातो आणि त्यावर संशोधन होतं. चर्चच्या आतली जात अजून गेलेली नाही, त्यामुळे या वर्गाचं काम संपलेलं नाही.